पोरवयांतील आईपण : कारणें, धोके व आपलें कर्तव्य

(दारव्हा येथें शेतकरी व कारागीर कुटुंबांपुढें झालेलें भाषण)



आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नव्हे, असें आपल्यांतील पुष्कळांना वाटत असेल. गरोदरपणाच्या व बाळंतपणाच्या गोष्टी बायकांनीं चुलीपाशीं कुजबुजाव्या आणि पुरुषांनीं कानाआड कराव्या, ही आपली जुनी रीत. पण ह्या न बोलण्याचा दंड कोण भरतें ? बाप भरीत नाहीं, पंच भरीत नाहींत, मुहूर्त काढून देणारा जोशीही भरीत नाहीं. तो दंड पंधरा-सोळा वर्षांची पोर आपल्या जिवानें भरते. म्हणून आज लाज बाजूस ठेवून उघड बोलूं या.

आपण काळ्या मातींतलीं माणसें, आणि कापूस हें आपलें पीक. ह्या दारव्ह्यावरून शकुंतला गाडी कित्येक वर्षें वऱ्हाडचा कापूस वाहून नेत होती. आपल्यांत असा एक तरी शेतकरी दाखवा, कीं जो हिरवें बोंड फोडून वेचणी करतो ! गोऱ्ह्याला दांत आल्याशिवाय आपण त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. सुतार ओलें लांकूड चौकटीला लावीत नाहीं आणि कुंभार कच्चें मडकें बाजारांत नेत नाहीं. कच्चें कोणतें व पक्कें कोणतें, हें ज्ञान आपल्याला कोणत्याही पोथीवांचून आहे. मग घरच्या लेकीची गोष्ट निघाली म्हणजे ही अक्कल कोठें जाते ?

कोणी म्हणेल, "हें सारें जुनें झालें. आतां लहानपणीं लग्न कोण लावतो ?" तर सरकारी पाहणीच ऐका. २०१९ ते २०२१ ह्या सालांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें, कीं महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें २२ जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालें होतें. १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ७.६ मुली त्या वेळीं आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. म्हणजे दर तेरा मुलींमागें एक. साऱ्या देशाचा आंकडा शेंकडा ६.८ आहे. फुले, शाहू, आंबेडकर यांचीं नांवें उठतां-बसतां घेणारा आपला महाराष्ट्र ह्या बाबतींत देशाच्याही मागें आहे ! मिरवणुकी काढून हा आंकडा खालीं येत नाहीं.

आणि हा लढा परक्यांनीं आपल्यावर लादला असेंही नाहीं. तो आपल्याच माणसांनीं लढविला आहे. मुंबईच्या रखमाबाई सुतार समाजांत जन्मल्या. त्यांची आई जयंतीबाई चौदाव्या वर्षीं लग्नाला उभी राहिली, पंधराव्या वर्षीं आई झाली आणि सतराव्या वर्षीं विधवा झाली. खुद्द रखमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं लावून दिलें. त्या मोठ्या झाल्या व नांदावयास जाईनात, तेव्हां नवऱ्यानें १८८४ मध्यें दावा लावला. १८८७ मध्यें कोर्टानें हुकूम केला, कीं नवऱ्याच्या घरीं जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्यें नवऱ्याला पैसे देऊन तडजोड झाली. पुढें ह्याच रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथील दवाखान्यांत त्यांनीं वर्षानुवर्षें बायकांची सेवा केली. सुताराच्या घरची ती मुलगी पंधराव्या वर्षींच बाळंतपणांत अडकली असती, तर किती बायका डॉक्टराला मुकल्या असत्या, ह्याचा हिशेब करा.

१८९० मध्यें कलकत्त्यास एक खटला चालला. फुलमणी नांवाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या संगानें मेली होती. त्यानंतर १८९१ मध्यें सरकारनें संमतिवयाचा कायदा करून दहाची मर्यादा बारावर नेली. एवढ्याशा सुधारणेविरुद्धही टिळकांसारख्या पुढाऱ्यांनीं रान उठविलें. धर्मांत हात घालूं नका, असा ओरडा झाला. जोतीराव फुल्यांनीं तर त्याच्या कितीतरी आधीं, १८८४ मध्येंच, बालविवाहाविरुद्ध आपलें मत लेखी कळविलें होतें. त्याहीपूर्वीं, १८८२ मध्यें, आपल्या ह्याच वऱ्हाडांतल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून साऱ्या पुरुषजातीला जाब विचारला. एका तरुण विधवेला मूल झालें व तिनें तें मारलें, म्हणून तिला शिक्षा झाली, ही बातमी वाचून त्यांनीं लेखणी उचलली. बाई गुन्हेगार ठरली, मग तिच्यासोबतचा पुरुष कोठें गेला ? ताराबाईंचा हा रोख आजही तितकाच टोंचतो.

पुढें १९२९ मध्यें शारदा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरलें, १९४९ मध्यें पंधरा झालें आणि १९७८ मध्यें अठरा झालें. जुलै १९४२ मध्यें नागपुरास दलित स्त्रियांची मोठी परिषद भरली. तेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आयाबहिणींना सांगितलें, कीं मुलांच्या लग्नाची घाई करूं नका. कायदा एकेक पायरी वर चढत गेला. आपण मात्र अजून खालच्याच पायरीवर बसून पंचांग पाहत आहों.

आतां ही घाई कां होते तें पाहूं. आपले आईबाप लेकीचे वैरी नाहींत. त्यांना घाई करावयास लावणारीं कारणें आहेत, आणि तीं समजून घेतल्यावांचून नुसत्या उपदेशानें कांहीं साधणार नाहीं.

पहिलें कारण कर्ज. आपली शेती पावसावर. एक वर्ष बोंडअळी, दुसरें वर्ष ओला दुष्काळ, आणि भाव तर कधींच आपल्या हातचा नसतो. मग बाप म्हणतो, मोठीच्याच मांडवांत धाकटीचेंही उरकून टाकूं, एक खर्च वांचेल. पोरगी लहान असली म्हणजे हुंडाही कमी पडतो, हा हिशेब कोणी उघड बोलत नाहीं, पण मनांत सगळेच करतात.

दुसरें कारण पोटासाठीं गांव सोडणें. उसाच्या फडावर नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. पोराचें लग्न झालें कीं घरांत एक कोयता वाढतो. शिवाय आईबाप सहा महिने बाहेर गेल्यावर वयांत आलेली लेक कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही भीति असतेच.

तिसरें कारण शाळा. गांवची शाळा सातवी-आठवीला संपते. पुढें दोन-तीन कोस जावें लागतें. एस.टी. वेळेवर येत नाहीं, वाटेंत टवाळ पोरें उभीं असतात. मुलगी घरीं बसते, आणि घरीं बसलेली मुलगी लोकांच्या डोळ्यांत लग्नाची होते.

चौथें कारण इज्जतीचा धाक. कोणाची तरी पोरगी पळून गेली, असें कानांवर येतें आणि दुसऱ्या दिवशीं गांवांतल्या चार पोरींचीं स्थळें पाहणें सुरू होतें. एकीच्या चुकीबद्दल चौघींना शिक्षा !

पांचवें कारण अज्ञान. आपल्या शरीरांत काय बदल होतात, दिवस कशानें राहतात, कोणी अंगाशीं आला तर काय करावें, हें मुलीला कोणी सांगत नाहीं. मुलग्यालाही सांगत नाहीं. त्याला जें कळतें तें मोबाईलवरच्या घाणींतून. आणि मग दोघांपैकीं पोट मात्र एकीचेंच दिसतें.

आतां धोक्यांविषयीं ऐका. मुलीला पाळी आली म्हणजे ती आई होण्यास योग्य झाली, ही आपली खुळी समजूत आहे. बोंड धरलें म्हणजे कापूस तयार झाला, असें म्हणण्यासारखेंच हें आहे. पाळी आल्यानंतरही कित्येक वर्षें मुलीचीं हाडें वाढत असतात. कमरेचा सांपळा, ज्यांतून बाळाचें डोकें बाहेर यावयाचें, तो पुरा रुंद झालेला नसतो. त्यामुळें बाळंतपण अडतें. तास न् तास कळा देऊनही बाळ सुटत नाहीं. कधीं बाळ जातें, कधीं आई जाते. दोघें वांचलीं तरी कधीं आंतल्या नाजूक भागाला भोंक पडून लघवी थेंबथेंब गळत राहते. अशा मुलीला सासर ठेवीत नाहीं आणि माहेर लाजेनें लपवतें. हा रोग शस्त्रक्रियेनें बहुधा बरा होतो, हें तिला कोणी सांगतही नाहीं.

दुसरा धोका रक्ताचा. आपल्या मुलींच्या अंगांत मुळांतच रक्त कमी. त्याच पाहणींत महाराष्ट्रांतल्या १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींना पंडुरोग आढळला. घरांत सगळ्यांत शेवटीं जेवते ती सून, आणि तिच्या ताटांत उरतें तें कोरडें. तिचें स्वतःचें अंग अजून वाढावयाचें, त्यांत पोटांतलें बाळही तिच्याच रक्तावर वाढणार. एका भाकरीचे दोन वांटे झाले कीं दोघेंही उपाशी राहतात. गरोदर बाईच्या रक्तांत हिमोग्लोबिन निदान ११ तरी असावें. तें फार कमी असतां बाळंतपणांत थोडा रक्तस्राव झाला तरी जिवावर बेततें.

तिसरा धोका रक्तदाब वाढून झटके येण्याचा. कोवळ्या वयाच्या आयांना हा धोका अधिक. हातापायांवर व तोंडावर सूज, कपाळ ठणकणें, डोळ्यांपुढें अंधारी, हीं त्याचीं लक्षणें. आपण मात्र झटके आले कीं बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतों आणि देवऋषीकडे धांवतों. तेवढ्या वेळांत पोर हातची जाते.

आणि बाळ ? तें दिवस भरण्याआधीं जन्मतें, किंवा अडीच किलोंहून कमी भरतें. अशीं बाळें दगावण्याचा संभव अधिक. जगलें तर अशक्त वाढतें. तें मुलगी असेल तर तीही खुरटलेली वाढते, तिचेंही पंधराव्या वर्षीं लग्न होतें आणि रहाटगाडगें पुन्हा तेंच. सावकाराचें कर्ज बापाकडून मुलाकडे येतें हें आपल्याला ठाऊक आहे. हें अशक्तपणाचें कर्ज आईकडून लेकीकडे येतें, आणि त्याला कोणतीही कर्जमाफी नाहीं.

मग बाप म्हणत होता तो वांचलेला खर्च कोठें गेला ? तो दवाखान्यांत गेला, रक्ताच्या बाटलींत गेला, बाळाच्या औषधांत गेला. मुलीची शाळा सुटली, तिच्या हाताला दुसरें काम उरलें नाहीं, तेव्हां तिची उभ्या जन्माची कमाईही गेली. मांडव वांचविला आणि घर गमावलें, असा हा सौदा आहे.

आतां एक अवघड गोष्ट. सगळ्याच मुली लग्नांतून आई होत नाहींत. आपल्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडे झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा ह्या भागांत कोलाम लोकांची वस्ती आहे. तेथें बाहेरून धंद्याला व ठेकेदारीला आलेल्या माणसांनीं गरीब कोलाम मुलींना लग्नाच्या थापा दिल्या आणि पोटांत मूल ठेवून पोबारा केला. ह्या प्रकारावर वर्तमानपत्रांतून व सभांतून अनेक वर्षें चर्चा झाली. त्या मुलींना नांव पडलें 'कुमारी माता'. पाहा आपल्या भाषेचा न्याय ! मुलीसाठीं शब्द तयार आहे; पळून गेलेल्या बापासाठीं शब्दच नाहीं. जिची फसवणूक झाली तिच्या कपाळावर शिक्का, आणि फसविणारा दुसऱ्या गांवीं जाऊन पुन्हा मुंडावळ्या बांधून उभा !

अशा वेळीं सत्यशोधकाचें वर्तन कसें असावें, हें आपल्याला शिकावयास लांब जावें लागत नाहीं. १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाईंनीं पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं तेथें यावें, सुखरूप बाळंत व्हावें. त्यांना कोणी नांवें ठेवणार नाहीं. तेथें एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा ह्या माळी दांपत्यानें दत्तक घेतला. तोच यशवंत पुढें डॉक्टर झाला. दुसऱ्या घरीं तें बाळ विहिरींत गेलें असतें. जात विचारली नाहीं, दोष काढला नाहीं, आधीं जीव वांचविला. हा आपला वारसा.

आज उलटें घडतें. अठरा वर्षांखालच्या मुलीला दिवस गेले, कीं घरचे तिला दवाखान्यांत नेत नाहींत. पोलिसांत कळवितील, नवऱ्याला धरतील, बापाला धरतील, ही भीति. मग पोर घरांत दडविली जाते, किंवा कोणा भोंदूकडून पोट पाडलें जातें. मायबाप हो, कायद्याच्या भीतीनें पोरीला मारूं नका ! डॉक्टरांना पोलिसांस कळवावें लागतें, हें खरें. पण मुलीचें नांव जाहीर करण्यास कायद्यानेंच बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२२ मध्यें असेंही सांगितलें आहे, कीं अल्पवयीन मुलीचा गर्भपात करतांना तिनें व तिच्या पालकांनीं विनंती केल्यास डॉक्टरांनीं पोलिसांस तिची ओळख कळविण्याची गरज नाहीं. १९७१ च्या कायद्यांत २०२१ मध्यें सुधारणा झाली. तीप्रमाणें अल्पवयीन मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत, पालकाच्या लेखी संमतीनें, मान्यताप्राप्त दवाखान्यांत गर्भपात करून घेतां येतो. जितका उशीर तितका धोका, म्हणून दिवस मोजीत बसूं नका. मूल जन्मलें व सांभाळणें अशक्य असेल, तर तें उकिरड्यावर टाकूं नका. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे तें रीतसर सोंपवितां येतें, आणि मन बदललें तर साठ दिवसांच्या आंत परतही घेतां येतें.

आणि ज्यांची लग्नाची तयारी चालली आहे त्यांनीं कायदा नीट ऐकावा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलीशीं लग्न करणारा मोठा माणूस, तें लावणारा, जुळविणारा, होऊं देणारा बाप, ह्या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. बायकांना तुरुंगाची शिक्षा नाहीं, पण दंड आहे. २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं बायको अठरा वर्षांखालची असेल तर नवऱ्यानें केलेला संगही बलात्कारच. लहानपणीं लग्न झालेली मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत कोर्टांतून तें लग्न रद्द करून घेऊं शकते. त्या लग्नाचीं मुलें मात्र औरसच मानलीं जातात. म्हणजे रखमाबाईंना जें तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊनही कोर्टानें दिलें नाहीं, तें आज तुमच्या लेकीच्या हातांत आहे.

आतां आपलें कर्तव्य. पत्रिका पाहण्यापूर्वीं जन्माचा दाखला पाहा. गुण छत्तीस जुळोत कीं अठरा, वर्षें अठरा भरलीं नसतील तर स्थळ परत पाठवा. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त चुकला तर पुढल्या सालीं पुन्हा येतो. पोरीचा जीव परत येत नाहीं. लग्न साधें करा. १८७३ पासून सत्यशोधकांनीं भटजीवांचून, बडेजावावांचून लग्नें लावलीं. तीं मोडलीं नाहींत. जो खर्च वांचेल तो मुलीच्या शिक्षणाला लावा. खेड्यांतल्या मुलींना शाळेसाठीं एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो घ्या. गाडी वेळेवर येत नसेल तर दहा बापांनीं मिळून आगाराच्या साहेबापुढें उभे राहा. वाटेंत छेडणाऱ्या पोरांना आवरा. तीं आपलींच पोरें आहेत. फडावर जाणाऱ्यांनीं मुलीला नातलगांकडे किंवा वसतिगृहांत ठेवून शाळा चालू ठेवावी, आणि गांवानें अशा मुलींवर आपल्या लेकीप्रमाणें लक्ष ठेवावें.

गांवांत असें लग्न ठरत असल्याचें कळलें, तर आधीं त्या घरीं जाऊन समजूत घाला. ऐकत नसतील तर ग्रामसेवकाला कळवा. खेड्यांत बालविवाह रोखण्याचा अधिकार व जबाबदारी त्याच्याकडे आहे. किंवा १०९८ ह्या क्रमांकावर फोन करा. पैसा लागत नाहीं. ही चहाडी नव्हे. शेजारच्या गंजीला आग लागली तर आपण ओरडतोंच कीं !

आणि जी मुलगी आज गरोदर आहे, मग ती लग्नाची असो वा बिनलग्नाची, तिला टाकूं नका. पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईकडे नांव नोंदवा. निदान चार वेळां तपासणी करा. लोहाच्या गोळ्या रोज द्या, आणि तिच्या ताटांत डाळ, पालेभाजी, अंडें आधीं वाढा. बाळंतपण घरीं करूं नका. सरकारी दवाखान्यांत तें मोफत होतें, आणि यवतमाळास वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाचें मोठें रुग्णालय आहे. अंगावरून जाऊं लागलें, झटके आले, फार सूज आली, डोळ्यांपुढें अंधारी आली, बाळाची हालचाल मंदावली, तर कोणालाही न विचारतां १०८ ची गाडी बोलवा. सासूनें, नवऱ्यानें, बापानें हे आंकडे पाठ करून ठेवावे. बाळंतपण झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानें दुसरें मूल लांबवा, आणि ती पुन्हा शाळेंत जाईल असें पाहा. आई झाली म्हणून तिची अक्कल संपली नाहीं.

शेवटीं पुरुषांना एक शब्द. आज ह्या सभेंत माझ्या बहिणी मान खालीं घालून ऐकत आहेत आणि बांधव इकडे तिकडे पाहत आहेत. मान कोणीं खालीं घालावयाची, हें एकदा ठरवूं या. पोरगी दाखविणारा बाप, पसंत करणारा नवरा, तारीख ठरविणारे पंच, थाप देऊन पळणारा लबाड, हे सारे पुरुष. मग हें थांबविण्याचें कामही आधीं पुरुषांचेंच आहे. आज येथून उठतांना प्रत्येक बापानें एवढाच ठराव आपल्या मनाशीं करावा : माझी लेक अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या लग्नाची गोष्ट माझ्या घरांत निघणार नाहीं, आणि शेजारीं निघाली तर मी गप्प बसणार नाहीं. त्याला सभेची टाळी नको, पुढाऱ्याची सही नको. ठराव पाळला, कीं नाहीं, हें तुमच्या लेकीच्या तोंडावर दिसेल.